तमाशा : एका शब्दाची अब्रू

घाटनांदूर हे बीड जिल्ह्याच्या अंबेजोगाई तालुक्यातील गाव. बालाघाटाच्या डोंगररांगांत ते वसलेले आहे, आणि परळीहून विकाराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील एक स्थानक म्हणून प्रवाशांना त्याचे नाव ठाऊक असते. अशा एखाद्या गावात बाजाराच्या दिवशी दोन भाऊ बांधाच्या वादावरून भररस्त्यात हमरीतुमरीवर आले, तर जमलेल्या गर्दीतून पुढे होणारा वडीलधारा मनुष्य त्यांना काय म्हणतो? "तुम्ही अन्याय करीत आहात," असे तो म्हणत नाही. "खोटे बोलू नका," असेही म्हणत नाही. तो म्हणतो, "काय तमाशा मांडलाय रे? चला घरी."

या दोन छोट्या वाक्यांपैकी दुसरे वाक्य हे पहिल्याचे भाष्यच होय. बांध कोणी कोरला, मोजणी कोणी चुकविली, याची चौकशी त्या वेळी नको असते. भांडण मिटावे असेही कोणी म्हणत नाही. ते चार भिंतींच्या आत जावे, एवढीच अपेक्षा असते. घरात गेल्यावर तेच दोन भाऊ तीच भाषा बोलू लागले तर त्याला भांडण म्हणतात, भाऊबंदकी म्हणतात, परंतु तमाशा म्हणत नाहीत. तमाशा होण्यास प्रेक्षक लागतो. लाजिरवाण्या वर्तनाला मराठीत जे अनेक शब्द आहेत, त्यांत हा सर्वांत जास्त वापरला जाणारा असून त्याचा अर्थ मात्र फार थोडे लोक तपासून पाहतात.

शब्दाचे मूळ अरबी आहे. 'चालणे' या अर्थाच्या अरबी धातूपासून 'तमाशी' असे एक नाम होते. त्याचा अर्थ सोबतीने चालणे, मिळून फिरावयास निघणे. इराणी लोकांनी अरबी शब्द आपल्या भाषेत घेताना अशा काही नामांच्या अखेरच्या ईकाराचा आकार केला. 'तमन्नी'चा 'तमन्ना' झाला, 'तकाजी'चा 'तकाजा' झाला, तसाच 'तमाशी'चा 'तमाशा' झाला. यांपैकी 'तकाजा' मराठीत येऊन 'तगादा' बनला. सावकाराचा तगादा आणि ढोलकीचा तमाशा हे एकाच टांकसाळीत पाडलेले नाणे आहे, हे पाहून कोणासही मौज वाटेल. फिरावयास निघालेला मनुष्य अर्थातच इकडे तिकडे पाहतो. बागा पाहतो, बाजार पाहतो, नदीचा पूर पाहतो. त्यामुळे फारसीत 'चालणे' मागे पडून 'पाहणे' हा अर्थ पुढे आला, आणि आजही इराणात 'तमाशा करणे' म्हणजे नुसते पाहणे होय. तेथे खेळ पाहावयास बसलेल्या प्रेक्षकाला 'तमाशाची' म्हणतात. त्यात निंदेचा लेशही नाही. तुर्कांच्या जुन्या भाषेत हाच शब्द नाट्यकलेचे भारदस्त नाव होता.

मराठीत हा शब्द मुसलमानी अमदानीत इतर शेकडो शब्दांबरोबर आला. घाटनांदूर ज्या मुलखात आहे त्या मुलखाचा या शब्दसंपत्तीशी संबंध उरलेल्या महाराष्ट्राहून अधिक काळ टिकला. अंबेजोगाई ही परंपरेने आद्यकवी मुकुंदराजाची भूमी. तेथेच त्याची समाधी दाखवितात, आणि तेथेच दासोपंतांनी आपले प्रचंड ग्रंथलेखन केले. परंतु याच अंबेजोगाईचे नाव निजामी राजवटीत मोमिनाबाद असे होते. पुण्यात १८१८ साली पेशवाई जाऊन इंग्रजी अंमल सुरू झाला; मराठवाड्यात मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. कचेरीची भाषा प्रथम फारसी होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकापासून उर्दू झाली. म्हणून येथील मनुष्याच्या कानावर एकच शब्द दोन वळणांनी पडत असे, एक घरातल्या मराठीचे आणि दुसरे कचेरीतल्या उर्दूचे. 'हरकत' या शब्दाकडे पाहा. अरबीत त्याचा अर्थ हालचाल. उर्दूत "ही काय हरकत?" असे विचारले म्हणजे हे कसले निंद्य कृत्य असा अर्थ होतो, मराठीत "माझी हरकत आहे" म्हणजे माझा आक्षेप आहे. गुन्हा करणाऱ्याचाही तोच शब्द आणि त्याला अडविणाऱ्याचाही तोच.

'तमाशा'च्या बाबतीत उर्दूचे हे शेजारपण विशेष उपयोगी पडते, कारण त्यामुळे एका सर्वमान्य समजुतीची परीक्षा करता येते. सुशिक्षित घरांत समजूत अशी की, तमाशा नावाचा जो फडावरचा खेळ आहे तो अश्लील म्हणून बदनाम झाला, आणि त्याच्या बदनामीमुळे 'तमाशा करणे' या शब्दप्रयोगाला हीन अर्थ चिकटला. हे दिसावयास सयुक्तिक आहे. तथापि ते पुरते खरे नव्हे. ज्यांनी ढोलकीचा फड जन्मात पाहिला नाही, लावणी ऐकली नाही, असे दिल्ली-लखनौकडील लोकही रस्त्यात आरडाओरडा करणाऱ्यास "तमाशा करू नकोस" असेच बजावतात. त्यांच्या मनात गण-गवळणही नसते आणि सोंगाड्याही नसतो. फार तर माकडवाल्या मदाऱ्याचा खेळ असतो. अर्थात हीनपणा फडातून शब्दात आलेला नसून तो शब्दाच्या 'पाहणे' या अर्थातूनच निघाला आहे. जो पाहिला जातो तो हलका, ही ती कल्पना. फडाची बदनामी तिला पुढे येऊन मिळाली, आणि दोहोंनी एकमेकींना बळ दिले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

या अर्थाची एक जुनी साक्ष 'तमासगीर' या शब्दात सापडते. आज तमासगीर म्हटला म्हणजे फडावरचा कलावंत. जुन्या मराठी गद्यात मात्र हा शब्द बघ्यांनाही लावलेला आढळतो. आग लागली किंवा मिरवणूक निघाली म्हणजे 'तमासगीर' लोकांची गर्दी जमे. म्हणजे दाखविणारा आणि पाहणारा या दोघांचे नाव एकेकाळी एकच होते. पुढे पाहणाराने हळूच ते नाव अंगावरून काढून ठेवले आणि ते एकट्या दाखविणाऱ्याच्या अंगावर राहिले. उर्दूतील 'तमाशबीन' हा शब्द याहून प्रामाणिक म्हणावा लागेल. त्याचा अक्षरार्थ 'तमाशा पाहणारा' आणि रूढार्थ रंगेल, बाहेरख्याली मनुष्य. तेथे निदान पाहणाराच्या वाट्याला थोडी तरी निंदा आली आहे.

आता या नामाबरोबर कोणकोणती क्रियापदे येतात ते पाहिले म्हणजे दोष कोणाकडे जातो हे लक्षात येते. 'तमाशा करणे' यात करणारा उघड आहे आणि दोषही त्याचाच. 'तमाशा मांडणे' यात थोडा जास्त राग आहे. दुकान मांडावे, सारीपाट मांडावा, तसे समजून उमजून पसारा घालून बसल्याचा आरोप त्यात असतो. 'तमाशा दाखविणे' ही धमकी होय. "थांब, तुला तमाशा दाखवतो," असे म्हणणारा स्वतः तमाशा करणार असतो, पण बोलण्यात तो दुसऱ्याला प्रेक्षकाच्या जागी बसवितो. 'तमाशा होणे' यात मात्र कर्ता नाहीसा होतो. "लग्नात आमचा तमाशा झाला," असे मुलीचा बाप म्हणतो, तेव्हा तमाशा केला दुसऱ्याच कोणी. मानपानावरून पंगत उधळली वरपक्षाने, आणि शब्द येऊन बसला तो बापाच्या बोलण्यात, 'आमचा' या षष्ठीसह. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच मालकीचा तमाशा ठरावा, हा मराठी षष्ठीचा मोठा विलक्षण न्याय आहे. उरला 'तमाशा पाहणे'. "लोक नुसते तमाशा बघत उभे राहिले," या वाक्यात तेवढी बघ्यांची कानउघाडणी होते, आणि या शब्दाच्या सर्व प्रयोगांत बहुधा हाच एक असा आहे की जेथे लाज योग्य माणसाच्या दाराशी जाऊन उभी राहते.

'तमाशा'चे सोयरे शब्द तपासले तरी तोच वंश दिसतो. 'फजिती' हाही मूळचा अरबी शब्द, आणि त्याच्या धातूचा अर्थ उघडे पाडणे, झाकलेले दोष बाहेर काढणे असा आहे. सतराव्या शतकातील संतकाव्यात तो बराच कठोर होता. आज तो इतका सौम्य झाला आहे की चिखलात पाय घसरून पडणाऱ्या जावयाचीही फजितीच होते. गुजराथेत तर आंब्याच्या रसाच्या एका कढीचे नाव 'फजेतो' आहे, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ बेअब्रू. 'अब्रू' म्हणजे फारसीत 'आब-इ-रू', तोंडावरचे पाणी, चेहऱ्यावरचे तेज. म्हणून अब्रू गेली की 'तोंड दाखवायला जागा उरत नाही', 'तोंड काळे होते', 'नाक कापले जाते'. अब्रूची लक्तरे टांगली जातात ती 'वेशीवर', भानगड येते ती 'चव्हाट्यावर', आणि 'धिंडवडे' निघतात तेही ज्या 'धिंडी'वरून, ती धिंड म्हणजे गुन्हेगाराची गावभर काढलेली मिरवणूकच. वेस, चव्हाटा, मिरवणूक या तिन्ही जागा गर्दीच्या. एकही शब्द असा नाही की जो मनुष्याला एकांतात, आपल्याशीच, लाजावयास सांगेल.

संस्कृतातून आलेले शब्द यापेक्षा निराळ्या जातीचे आहेत काय? 'अश्लाघ्य' म्हणजे स्तुतीस अपात्र; येथेही स्तुती करणारा दुसरा मनुष्य लागतोच. 'लांछन' म्हणजे तर केवळ खूण. चंद्रावरचा डाग हे चंद्राचे लांछन. जैनांत प्रत्येक तीर्थंकराचे लांछन असते, महावीराचे सिंह, पार्श्वनाथाचे सर्प, आणि तेथे तो शब्द पूजनीय आहे. मराठीने तेवढा त्याला डाग लाविला. 'निंद्य', 'गर्हणीय' हे शब्द कृत्याकडे बोट दाखवितात खरे, परंतु ते अग्रलेखात आणि सभागृहांच्या ठरावांत राहतात. बाजारात भांडणाऱ्या दोघा भावांना "आपले वर्तन गर्हणीय आहे" असे कोणी सुनावले, तर भांडण तेथेच थांबेल, पण ते हसण्यामुळे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बेशिस्त आणि लाजिरवाण्या वागणुकीला नावे देताना मराठीने ती बहुतेक आपल्याच उत्सवांतून आणि खेळांतून उचलली. 'शिमगा' हा फाल्गुनी पौर्णिमेचा सण. त्या दिवशी तोंड सोडण्याची मोकळीक असे, म्हणून कोणत्याही दिवशी तोंड सोडले की शिमगा. 'भारूड' हा एकनाथांनी लोकांपर्यंत नेलेला भक्तीचा प्रकार, आणि कंटाळवाणे लांबण लावणे म्हणजेही भारूडच. 'गोंधळ' तर अंबेजोगाईच्या परिसरात दररोजच्या परिचयाचा. योगेश्वरी, तुळजाभवानी, रेणुका या देवींचे उपासक घरात मंगलकार्य झाले म्हणजे गोंधळी बोलावतात. संबळ वाजतो, तुणतुणे वाजते, दिवट्या पेटतात, आणि गावोगावच्या दैवतांना नावे घेऊन गोंधळाला येण्याचे आवाहन केले जाते. हा विधी अत्यंत शिस्तीचा आहे. कोणत्या देवतेचे नाव केव्हा घ्यावयाचे, कथा केव्हा लावावयाची, याचा क्रम ठरलेला असतो. तरी बाहेरून ऐकणाऱ्याला रात्रभर आवाज तेवढा ऐकू आला, आणि त्याने अव्यवस्थेलाच 'गोंधळ' म्हणावयास आरंभ केला.

अशा शब्दांचा तोटा असा की, ते आवाजाचे मोजमाप करतात, अपराधाचे करीत नाहीत. याचे उदाहरण घाटनांदुरातच घडले. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेच्या निवडणुकीचे मतदान चालू असता या गावी मतदान केंद्रात मोडतोड झाली आणि मतदानयंत्रे फोडली गेली. वृत्तपत्री मराठीत असल्या प्रसंगांसाठी 'गोंधळ', 'राडा', 'धुडगूस' असे शब्द नेहमी तयार असतात. पंगतीत वाढप्याने आधी जिलेबी आणि मग भात आणला तरी गोंधळ, आणि नागरिकाच्या मताची पेटी फोडली तरी गोंधळ! वस्तुतः दुसऱ्या कृत्याला कायद्याच्या भाषेत गुन्हा हे नाव आहे आणि साध्या भाषेतही तेच शोभते. 'गोंधळ झाला' असे म्हटल्याने करणाराही दिसेनासा होतो आणि कृत्यही. शिल्लक राहतो तो गलका, आणि तो तर संध्याकाळपर्यंत शांत होतोच.

येथपर्यंत हा विषय शब्दांच्या कुतूहलाचा वाटेल. परंतु घरात शिरल्यावर तो कुतूहलाचा राहत नाही. "तमाशा करू नकोस" हे वाक्य मराठी घरांत सर्वांत जास्त वेळा कोणास ऐकविले जाते, याचा विचार करावा. नवऱ्याचा मार खाणारी सून जोपर्यंत गप्प असते तोपर्यंत त्या घरात तमाशा नसतो. ती ओरडली, शेजारीण दारात आली, की तमाशा सुरू होतो. माहेरी गेली तर तमाशा वाढतो. पोलिस ठाण्याची पायरी चढली, तर मग 'खानदानाचा तमाशा' होतो आणि तो तिने केलेला असतो. मारणारा हात या साऱ्या वाक्यरचनेत कोठेच नाही. स्त्रियांना घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि २००६ च्या ऑक्टोबरापासून तो अमलात आला; शारीरिक माराप्रमाणे शिवीगाळ आणि मानसिक छळ हाही त्यात हिंसाचार मानला आहे. पण कायद्याच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्या स्त्रीला जो उंबरा ओलांडावा लागतो तो या एका शब्दाचा आहे. सासू हा शब्द वापरते, तसा अनेकदा तिचा स्वतःचा बापही वापरतो, आणि तो तिच्या काळजीनेच वापरतो, म्हणून त्याचे उत्तर देणे अधिकच कठीण.

हे आजचे नव्हे. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाची हत्या केल्याचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली व ती पुढे कमी करण्यात आली. वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या दुर्वर्तनावर रकाने लिहिले गेले, आणि पुण्याचे 'पुणेवैभव' त्यात पुढे होते. त्या लेखनाने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक छापले. त्यांचा रोख सरळ होता. ज्या दुर्गुणांचे खापर स्त्रीच्या माथी फोडता ते पुरुषांत नाहीत काय, आणि विधवेला या स्थितीस आणणारा पुरुष कोठे आहे? त्या अभागी विधवेने मूल मारले ते ते दिसू नये म्हणून. मूल हाच तिच्या बेअब्रूचा दृश्य पुरावा होता. पुरुषाच्या बाबतीत असा दिसणारा पुरावा निसर्गाने ठेवलेला नाही. जोतीराव फुले यांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. १८६३ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, आणि तेथे येणाऱ्या विधवांना मुख्य आश्वासन दिले ते गुप्ततेचे. जेथे लोकांची नजर हीच शिक्षा होती, तेथे नजरेआड एक खोली देणे हाच जीव वाचविण्याचा उपाय होता. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतला.

शब्दाच्या या ओझ्याखाली आणखी एक वर्ग पिढ्यान्‌पिढ्या वाकलेला आहे, तो फडावरच्या कलावंतांचा. उत्तर पेशवाईत हा खेळ वैभवास चढला, तेव्हा त्यात सोलापूरचा ब्राह्मण रामजोशी होता, गवळी होनाजी होता, मुसलमान सगनभाऊ होता. परंतु ढोलकी, हलगी, नाच आणि सोंग यांचा भार मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी या समाजांनी वाहिला. नाचणाऱ्या स्त्रिया बहुधा त्यांच्याच घरच्या. पाहणारे मात्र साऱ्या जातींचे. रेठरे हरणाक्षचा श्रीधर कुलकर्णी फडात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला, तेव्हा त्याच्या जातीने त्याला टाकले. 'त्याने तमाशा केला' या वाक्याचे दोन्ही अर्थ त्याच्या ठायी एकदम खरे ठरले. १९४५ साली तो विपन्नावस्थेत वारला. दोनच वर्षांनी, १९४७ साली, 'रामजोशी' हा चित्रपट आला आणि शहरातील ज्या कुटुंबांनी फडाकडे कधी पाहिले नव्हते, ती तिकिटे काढून लावण्या ऐकावयास बसली.

नावाचा हा त्रास सुधारकांनाही झाला. सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा घेऊन त्यातील गवळण-शृंगार काढला, जागी उपदेश घातला आणि त्याचे नाव ठेवले 'जलसा'. पुढे आंबेडकरी चळवळीच्या गायकांनीही तेच नाव चालविले. मौज अशी की 'जलसा' हाही अरबीच शब्द आणि त्याचा धातू 'बसणे' या अर्थाचा. चालणाऱ्याची अब्रू गेली, बसणाऱ्याची राहिली! १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, आणि अण्णाभाऊंच्या हातून तमाशाला 'लोकनाट्य' हे नवे नाव मिळाले. नाव बदलल्याने गिरणगावातील मजूर आणि दादरचा मध्यमवर्ग एका मांडवाखाली बसू शकला, हा फायदा लहान नव्हे. तथापि सरकारी दप्तरात जुने नाव कायम राहिले. १९५१ चा मुंबई पोलिस अधिनियम आज महाराष्ट्र पोलिस अधिनियम म्हणून चालू आहे, आणि त्यात सभ्यता व नीती यांच्या हितार्थ ज्या करमणुकींना परवाना लागतो, त्यांत मेळ्यांबरोबर तमाशांचा नावानिशी उल्लेख आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची गोष्ट या संदर्भात सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या नऊ महिन्यांच्या गरोदर असताना फडावर नाचत होत्या. कळा आल्या तशा त्या कनातीमागे गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचावयास उभ्या राहिल्या, कारण पैसे मोजून आलेले लोक खोळंबले होते. त्यांना १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. २००२ साली त्या निवर्तल्या, आणि त्यांच्या नावाने राज्य शासन आता तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. कनातीमागे जे घडले ते कोणी पाहिले नाही. प्रेक्षकांनी पाहिले ते एवढेच की नाच मध्येच थांबला होता आणि पुन्हा सुरू झाला. त्या रात्री लाजिरवाणे असे जे काही होते ते कनातीच्या कोणत्या बाजूस होते, हे ठरविण्यास 'तमाशा' या शब्दाचा रूढ अर्थ काहीच मदत करीत नाही.

फडमालकांनी स्वतः या शब्दाचे काय केले, ते जत्रेत त्यांचे फलक पाहिले म्हणजे कळते. नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाची मोठी जत्रा भरते, तेथे मराठवाड्यातून गाड्या भरून माणसे लोटतात, आणि तंबूंच्या दारांवर रंगीत दिव्यांत फडांची नावे झळकतात. अण्णाभाऊंनी दिलेले प्रतिष्ठित नाव फडांनी घेतले आहे, पण पहिले टाकलेले नाही. आधी मालकाचे किंवा नायिकेचे नाव, त्याखाली 'लोकनाट्य', आणि त्याला जोडूनच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'तमाशा मंडळ'.